ठसा, शाई आणि चार दिवस न वाळलेलं पोस्टकार्ड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हाताने केलेल्या पोस्टकार्डांवर एक पान लिहिलं होतं, म्हणजे रंग, शाई, कागदाचे कपटे, रबराचे ठसे असं सगळं एकाच कार्डावर, ज्याला आता सगळे मिक्स मीडियाच म्हणतात. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यातच गेला. उत्तरं द्यायच्या आधी एक घोळ निस्तरते, तो म्हणजे स्टॅम्प हा शब्द. एका ताईंनी लिहिलं होतं "स्टॅम्प नीट बसत नाही", मी अर्धं पान रबर, शाई, दाब यावर लिहून मोकळी, आणि शेवटची ओळ वाचली तर त्या पोस्टाच्या तिकिटाच्या डिंकाबद्दल विचारत होत्या! त्यामुळे इथे ठसा म्हणजे आपण शाई लावून उमटवतो तो, तिकीट म्हणजे पोस्टाचं, आणि शिक्का म्हणजे पोस्टवाले तिकिटावर मारतात तो. चला.

प्रश्न : अॅक्रिलिक रंगाने मस्त निळं बॅकग्राउंड केलं, ते पूर्ण वाळल्यावर काळ्या शाईने पानांचा ठसा मारला. चार दिवस झाले ताई, अजून बोट लावलं की पुसतंय. शाई खराब लागली का? – बोटं काळी

शाई बिचारी चांगलीच आहे हो, जागा चुकलीय. या एका प्रश्नात बाकीच्या निम्म्या पत्रांची उत्तरं आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे साधारण जे शाईचं पॅड असतं ते बहुतेक डाय शाईचं. यात रंग पूर्णपणे विरघळलेला असतो आणि ही शाई कागदाच्या तंतूंमध्ये शिरते, म्हणून साध्या कागदावर मिनिटाभरात वाळल्यासारखी वाटते. खरं तर ती वाळत कमी आणि शोषली जास्त जाते. आता अॅक्रिलिक रंग वाळला म्हणजे काय होतं, तर कागदावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तयार होतो. त्या पापुद्र्यात शिरायला जागाच नाही, मग शाई वरच बसून राहते आणि तुमच्या बोटाची वाट बघते. चार दिवस काय, चार आठवडे ठेवलं तरी हेच.

दुसरी पिगमेंट शाई. हिच्यात रंगाचे बारीक कण तरंगत असतात, विरघळलेले नसतात, त्यामुळे ती मुळातच कागदाच्या वर बसते. रंग दाट येतो, गडद कागदावर सुद्धा दिसतो, उन्हाने डायइतका लवकर उडत नाही, पण वाळायला वेळ घेते, आणि चकचकीत कागदावर किंवा अॅक्रिलिकवर तर कधीकधी गरम हवा दिल्याशिवाय वाळतच नाही. याच सावकाशपणाचा एम्बॉसिंगला, म्हणजे ओल्या ठशावर पावडर वितळवून उठाव आणण्याला, फायदा होतो, ते पुढे सांगते.

तिसरी आर्काइव्हल नावाने मिळते ती. ही तेलावर आधारलेली, वाळली की पाण्याला दाद देत नाही, आणि कागद, जेसो (रंगाआधी अस्तर म्हणून लावतात तो घट्ट पांढरा थर), अॅक्रिलिक तिन्हीवर टिकते. मिक्स मीडिया करणाऱ्याने एकच काळं पॅड घ्यायचं असेल तर हे घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चौथी सॉल्व्हेंट शाई, जिच्यातला द्रव उडून जातो आणि रंग पृष्ठभागाला चिकटून राहतो, ही काचेवर, धातूच्या पत्र्यावर, प्लास्टिकवर सुद्धा बसते. वास उग्र, खिडकी उघडी ठेवा, ठसे साफ करायला तिचं वेगळं क्लीनर लागतं आणि पारदर्शक ठशांवर ती रोज वापरू नये, ते हळूहळू खराब होतात.

आणि एक मुद्दाम पाण्याला बिलगणारी जात असते, डिस्ट्रेस नावाने मिळणारी वगैरे. वाळल्यावर वर पाण्याचा थेंब टाका, लगेच रंग सरकतो आणि तिथे फिका डाग पडतो. बॅकग्राउंडला ही सुंदर, पण मुख्य ठशाला घेतलीत आणि वर ब्रशने पाणी फिरवलंत की गेलं सगळं वाहून.

तुमच्या कार्डाचं काय करायचं? पुसतंय ना, मग पुसूनच टाका की! शाई आत गेलेलीच नाही म्हणजे ओलसर कापसाने ती अलगद निघेल, निळं बॅकग्राउंड तसंच राहील, मग त्यावर आर्काइव्हल शाईने परत ठसा मारा. वरून ब्रशने वार्निश लावायचा मोह टाळा, ब्रश फिरला की काळी शाई सगळीकडे फासली जाणार.

सगळ्यांनीच एक काम करा. एका पट्टीवर चार चौकोन पाडा, साधा कागद, वॉटरकलर कागद, अॅक्रिलिक लावलेला, जेसो लावलेला. घरातल्या प्रत्येक शाईचा छोटा ठसा चारही ठिकाणी मारा. एका मिनिटाने कोरडं बोट फिरवा, दहा मिनिटांनी परत, आणि दुसऱ्या दिवशी ओलं बोट. जे राहिलं ते राहिलं. ही पट्टी ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. माझी पट्टी इतकी मळलीय की आता तीच एक मिक्स मीडिया दिसते, पण रोज तिच्याकडे बघूनच पॅड उचलते.

जाता जाता इंडिया इंकबद्दल, कारण तिघांनी विचारलंय. काजळी आणि बहुतेक वेळा शेलॅक म्हणजे लाख, त्यामुळे वाळल्यावर पक्की, वरून वॉटरकलर खुशाल फिरवा. बोरूने, टाकाने, ब्रशने वापरा. फाउंटन पेनमध्ये मात्र भरायची नाही, आत वाळली की पेन संपलं. माझं एक आवडतं पेन असंच गेलं आणि दोष देण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं.

प्रश्न : माझी कार्डं वाळल्यावर कमान होतात. कागद बदलू की पाणी कमी वापरू? आणि साइज नक्की किती घ्यावा? – वाकडं कार्ड

दोन्ही. पाणी एकाच बाजूला लागलं की त्या बाजूचे तंतू फुगतात, वाळताना आक्रसतात, दुसरी बाजू आहे तशीच, मग कार्ड वाकणारच. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, म्हणजे जाड) घ्या, त्यापेक्षा पातळ घेऊन नाकी नऊ आणून घेऊ नका. काम करताना चारी कडा मास्किंग टेपने पाटावर चिकटवा, पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. तरी वाकलं तर मागच्या बाजूला ओलसर स्पंज एकदा फिरवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, रात्रभर.

वॉटरकलर कागदात खडबडीत आणि गुळगुळीत असे प्रकार येतात, कोल्ड प्रेस आणि हॉट प्रेस. बारीक नक्षीचा ठसा खडबडीत कागदावर मारलात तर खड्ड्याखड्ड्यात पांढरं राहतं, तुम्हाला वाटतं शाई कमी पडली. नक्षी बारीक असेल तर हॉट प्रेस.

साइज ए-६ म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर धरा. ए-४ कागद दोनदा अर्धा केला की चार कार्डं, कागद वाया नाही. परदेशी पाठवायचं असेल तर ९० बाय १४० मिलिमीटरपेक्षा लहान करू नका, आंतरराष्ट्रीय टपालात तेवढा कमीत कमी लागतो. गोल, बदामाच्या आकाराची वगैरे कार्डं पाकिटात घालूनच पाठवा.

प्रश्न : माझ्याकडे सामान भरपूर आहे, तेच मुळावर आलंय. सुरुवात छान होते मग अजून एक ठसा, अजून थोडं स्टेन्सिल, अजून एक चिटोरं असं करत करत शेवटी नुसती गिचमिड. कुठल्या क्रमाने करायचं ते सांगा ना. – थांबता न येणारी

तुमच्याच पंथातली आहे मी. परवा केलेलं एक कार्ड जसंच्या तसं सांगते, त्यातून क्रम कळेल.

आधी प्लास्टिकच्या सपाट शीटवर दोन पॅडं थेट दाबली, एक निळं एक हिरवं, दोन्ही पाण्याला बिलगणारी. वर स्प्रे बाटलीने तीनचार फवारे, शाईचे थेंब जमून गोळे झाले, की कार्ड पालथं घालून दाबलं आणि उचललं. पहिल्यांदा फिकं येतं. वाळवलं, परत उरलेल्या थेंबांवर टेकवलं, असं तीनदा. वाळवायचं मध्ये मध्ये हे महत्त्वाचं, नाहीतर ओल्यावर ओलं जाऊन थर दिसत नाहीत, एकच सपाट डाग होतो. आणि रंग शेजारचे घ्या, निळा-हिरवा, पिवळा-केशरी असे. निळ्यात केशरी किंवा हिरव्यात लाल मिसळला की चिखल, बऱ्याच गिचमिडीचा उगम तिथेच असतो, ठशांना उगाच दोष.

मग जुन्या शब्दकोशाच्या सुट्या पानाचा एक कपटा, कात्रीने नाही, हाताने फाडलेला, कारण फाडलेली कड बॅकग्राउंडमध्ये विरघळून जाते आणि कापलेली कड सारखी डोळ्यात खुपते. खाली मॅट मीडियम (बिनरंगाचं, चमक नसलेलं अॅक्रिलिक, इथे डिंकाचं काम करतं), वर पण मॅट मीडियम, बोटाने मधून बाहेर हवा काढत नेली. आता लक्षात घ्या, मीडियम लावलं त्या जागेवर पुन्हा तोच पापुद्रा आला, म्हणजे इथून पुढे डाय शाई बंद, आर्काइव्हल सुरू. शिवाय पाण्याला बिलगणाऱ्या रंगावर मीडियमचा ब्रश जोरात घासला तर खालचा रंग वर येतो, म्हणून एकदा फिरवून सोडून द्यायचं.

त्यानंतर एका कोपऱ्यात स्टेन्सिल ठेवून पांढरा जेसो स्पंजने टिपला, टिपलाच, फासला नाही, फासला की तो स्टेन्सिलखाली पळतो. मग बॅकग्राउंडपेक्षा जेमतेम एक छटा गडद शाई घेऊन लिखावटीचा ठसा दोन ठिकाणी, दुसऱ्या वेळी पॅडला न लावताच, म्हणजे तो फिका, लांबचा वाटतो. हे सगळं झाल्यावर काळा ठसा, एकच, एका पक्ष्याचा, मधोमध नाही, उजवीकडे खाली. आणि मग पांढऱ्या जेल पेनने पाचसहा ठिपके.

कार्डाचा डावीकडचा वरचा भाग, साधारण एक तृतीयांश, मी काहीच केलं नाही. तिथे हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. माझा उपाय असा आहे की पाच कार्डं एकदम करायला घ्यायची. एक वाळतंय तोवर हात दुसऱ्याकडे जातात, आणि एकाच कार्डावर सगळा उत्साह सांडत नाही.

पक्ष्याच्या मागे झाड हवं असेल तर आधी पक्षी मारा, तोच ठसा चिकट नोटवर मारून कापा, कार्डावरच्या पक्ष्यावर ती नोट झाका आणि वरून झाड मारा. नोट काढली की पक्षी पुढे, झाड मागे. आधी झाड आणि मग त्यावर पक्षी केलात तर आधी कळस मग पाया, पक्ष्याच्या पोटातून फांद्या दिसणार.

प्रश्न : नवीन पारदर्शक ठसे आणले, शाई ठिपक्याठिपक्यांनी उठते, मध्ये मध्ये पांढरं. – अर्धवट

नवीन ठशावर कारखान्यातलं गुळगुळीतपण असतं, शाई त्यावर थेंब होऊन बसते. साध्या खोडरबराने ठशाची वरची बाजू हलकेच घासा, सौम्य साबणाने धुवा, दोनचार ठसे रद्दी कागदावर मारा, बस. पॅड ठशावर टपटप टेकवा, ठसा पॅडमध्ये रुतवू नका, तसं केलं की शाई खाचांमध्ये जाऊन नक्षी बुजते. कार्डाखाली माउसपॅडसारखं मऊ काहीतरी घ्या. दाबताना सरळ खाली, मधे आणि चार कोपऱ्यांवर बोटं टेकवून, आणि डोलवायचं नाही! ऑफिसातला शिक्का मारताना मनगट फिरवायची सवय असते ना, ती इथे कडेला दुहेरी रेघ आणते. ठसे उन्हात ठेवू नका, पिवळे आणि कडक होतात.

प्रश्न : खोडरबरावर कोरून स्वतःचा ठसा करायचाय, 'पत्र' हा शब्द. कोरला तर छापल्यावर उलटा! आरशातच वाचावं लागतंय. सरळ येण्याची युक्ती? – उलटी गंगा

पहिल्यांदा कोरणाऱ्या प्रत्येकाचं हे होतं, निदान लवकर झालं. देवनागरीत 'ठ' हा एकच सज्जन, मधोमध दांडी, खाली गोल, उलटा काय सुलटा काय जवळजवळ सारखाच. बाकी सगळे बदला घेतात.

युक्ती अगदी सोपी आहे, आपल्याला उलटं लिहायलाच लागत नाही. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने, २बी किंवा ४बी, शब्द सरळ लिहा, जाडसर. आता तो कागद पेन्सिलीची बाजू खाली करून खोडरबरावर ठेवा, हलू देऊ नका, आणि मागून नखाने घासा. पेन्सिल खोडरबरावर उतरते, आपोआप उलटी. ती रेघ सोडून बाकीचं कोरा. छापलं की सरळ.

कोरताना लिनो कटरचं (ठसे कोरायच्या हत्याराचं) सगळ्यात बारीक व्ही आकाराचं पातं घ्या. हात एका जागी, खोडरबर फिरवायचा, पातं नाही. वळण कोरताना तर हेच, पातं सरळ पुढे जातंय आणि खोडरबर त्याखाली गोल फिरतोय असं दिसलं पाहिजे. पातं नेहमी स्वतःपासून लांब ढकला, आणि दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत नकोत, हे वाचायला सोपं आहे पण दहा मिनिटांनी विसरायला होतं.

उतार कसा ठेवायचा यावर ठशाचं आयुष्य असतं. रेघेपासून बाहेरच्या बाजूला उतरता काप घ्या, म्हणजे रेघेचं टोक वर अरुंद आणि बुंधा खाली रुंद, डोंगरासारखा. उलट, पातं रेघेच्या खाली आत गेलं तर रेघ पोकळ होते आणि चारदोन ठशांत वाकते किंवा तुटते. आधी अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागा कोरा, 'प' मधली खोलगट जागा, 'त्र' मधला तिरका कोपरा, आणि बाहेरचा भाग शेवटी, कारण बाहेरचा आधार असेपर्यंत आतली रेघ डळमळत नाही. शिरोरेषा जाड ठेवा. अनुस्वार असलेला शब्द पुढेमागे कराल तेव्हा त्या एवढ्याशा टिंबाचं बेट कोरण्यात वेळ घालवू नका, पहिल्याच दाबात ते उडून जातं. टिंब वेगळं मारायचं, पेन्सिलीच्या मागचा गोल रबर शाईत टेकवून. हे मला फार उशिरा सुचलं.

मध्ये मध्ये फिक्या शाईने छापून बघत जा, कुठे काय राहिलंय ते डोळ्यांपेक्षा कागद जास्त खरं सांगतो. अक्षराभोवती ज्या चुकार बारीक रेघा छापल्या जातात त्या सगळ्या काढू नका, त्यांनीच तो हाताने कोरलेला वाटतो. आणि झालेला ठसा प्लास्टिकच्या डबीत नुसता टाकू नका, विनाइलचा खोडरबर प्लास्टिकला चिकटून वितळल्यासारखा होतो. कागदात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : एम्बॉसिंग पावडर हेअर ड्रायरने वितळवली तर चालेल? – काटकसरी

नाही चालत. ड्रायरची हवा जास्त आणि उष्णता कमी, पावडर उडते, वितळत नाही. हीट गन लागते, तिची हवा कमी आणि ताप जास्त. पिगमेंट किंवा एम्बॉसिंगची चिकट शाई, कारण ती सावकाश वाळते म्हणून पावडर धरून ठेवते, वर पावडर, जादाची झटकून परत बाटलीत, उरलेले कण कोरड्या ब्रशने काढा. गन चारपाच सेंटिमीटरवर धरा. आधी काहीच होत नाही, मग अचानक एका कोपऱ्यातून पावडर चमकायला लागते, रवाळ असते ती काचेसारखी होते, आणि ती चमक पुढे पुढे सरकत जाते. ती शेवटपर्यंत पोचली की लगेच गन बाजूला. जास्त तापवलं की पावडर कागदात मुरते आणि उठाव बसतो. कार्ड चिमट्याने धरा.

प्रश्न : पोस्टात टाकलं तर माझ्या कार्डाची वाट लागेल का? त्यावर एक बटण आहे, दोरा आहे, थोडी चमकी आहे. मागच्या बाजूला काय करायचं तेही सांगा. असं हाताने केलेलं कार्ड पाठवलेलं चालतं तरी का? – धाकधूक

चालतं का? अहो, आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं चित्राचं पोस्टकार्ड हाताने रंगवलेलंच आहे. १८४० मध्ये लंडनला थिओडोर हूक नावाच्या लेखकाने पोस्टातल्या कारकुनांची टवाळी करणारं चित्र रंगवलं, वर पेनी ब्लॅक, म्हणजे जगातलं पहिलं पोस्टाचं तिकीट, लावलं आणि स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलं. सरकारी छापील पोस्टकार्ड त्यानंतर २९ वर्षांनी आलं, ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ ला. म्हणजे हातचं आधी, छापील नंतर.

पण हूकच्या कार्डाला सॉर्टिंग मशीनमधून जावं लागलं नाही. आता बऱ्याच ठिकाणी पत्रं पट्ट्यांमधून, रोलर्समधून पळतात, तिथे बटण अडकणार, कार्ड फाटणार, आणि मागची दहा पत्रं पण घेऊन जाणार. बटण आणि दोरा असेल तर सरळ पाकिटात घाला. चमकी सुटी असेल तर पाकिटात सुद्धा नको, ज्याला पाठवताय त्याच्या घरात ती पुढची दोन वर्षं निघत राहील. एम्बॉसिंग केलेलं पाकिटाशिवाय जातं, पण कार्ड वाकलं तर त्याला तडे जातात, म्हणून जाड कागदावरच. जाड मॉडेलिंग पेस्टचा (उठावासाठी लावायच्या घट्ट लगद्याचा) उठाव पण तसाच, एक मिलिमीटरच्या वर गेलात की पाकीट.

चित्राच्या बाजूला मॅट स्प्रे वार्निशचे दोन हलके हात, साधारण ३० सेंटिमीटरवरून, उघड्या हवेत. एकदम ओलं करू नका, पाण्याला बिलगणारी शाई असेल तर तिथेच ओघळते.

पत्त्याच्या बाजूला मात्र वार्निश अजिबात नको. चकचकीत झालं की तिकिटाचा डिंक धरत नाही, शिक्क्याची शाई वाळत नाही, बॉलपेन घसरतं. मधे उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, तिकीट वर उजव्या कोपऱ्यात. ही रेघ आपल्याला जन्मापासूनची वाटते पण ती बरीच नंतर आली, ब्रिटनमध्ये १९०२ ला. त्याआधी ती पूर्ण बाजू फक्त पत्त्याची होती आणि लोक चित्राच्या कडेला जागा मिळेल तिथे चार शब्द कोंबायचे, जुनी कार्डं बघितलीत तर आकाशात, झाडात सगळीकडे लिहिलेलं दिसतं. मला ती फार आवडतात, कारण मिक्स मीडिया म्हणजे तरी वेगळं काय. तळाची दोनेक सेंटिमीटर पट्टी कोरी सोडा, काही ठिकाणी मशीन तिथे खुणा छापतं.

आणि पत्ता बॉलपेनने किंवा वॉटरप्रूफ पेनने. चित्र आर्काइव्हलमध्ये, वार्निश दोन हात, आणि पत्ता पाण्यात विरघळणाऱ्या सुंदर जांभळ्या शाईत, हा पराक्रम मी केलेला आहे. पावसात चित्र जसंच्या तसं राहिलं म्हणे, पत्ता तेवढा गेला. टाकायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न : वापरलेली जुनी तिकिटं कोलाजमध्ये लावली तर? – संग्राहक

लावा, पण चित्राच्या बाजूला. पत्त्याच्या बाजूला जुनं तिकीट दिसलं तर ते परत वापरताय असा गैरसमज होतो. पाकिटावरून काढायला तेवढा तुकडा कापून कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटं तरंगत ठेवा, डिंक सुटला की तिकीट आपोआप वेगळं होतं, ओढू नका. टीपकागदावर पालथं घालून वाळवा. स्टिकरसारखी असतात ती बऱ्याचदा अशी सुटत नाहीत, ती कागदासकट कापून घ्या.

प्रश्न : मला चित्र काढता येत नाही, कोरता येत नाही, रंगांची पण भीती वाटते. तरी रोज एकीला कार्ड पाठवायची इच्छा आहे. माझ्यासारखीने काय करावं? – काहीच न येणारी

तुम्हाला ऑन कवारा सांगते. जपानी चित्रकार, न्यूयॉर्कला राहायचे. १९६८ ते १९७९ अशी सुमारे अकरा वर्षं ते रोज दोन ओळखीच्या माणसांना साधी, बाजारात मिळतात ती प्रवासी पोस्टकार्डं पाठवत होते. मागे हाताने काहीच लिहिलेलं नाही, सगळं रबराच्या ठशांनी. तारीख, पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, आणि इंग्रजीत एक ओळ, मी उठलो, अमुक वाजून तमुक मिनिटांनी. बस एवढंच. ना रंग ना स्टेन्सिल. आज ती कार्डं म्युझियममध्ये आहेत.

तेव्हा एक तारखेचा ठसा घ्या, चाकं फिरवून तारीख बदलायची तो, आणि एक सुट्या अक्षरांचा संच, अक्षरं पट्टीत बसवून ओळ करायचा. आर्काइव्हल काळं पॅड एक. कार्डाला फक्त एका कोपऱ्यात कुठल्याही एका रंगाचं पॅड थेट घासा, खालीवर नाही, कडेकडेने, म्हणजे कडा जुन्यासारख्या दिसतात. मधे तारीख, खाली एक ओळ. आज पाऊस. आज डोकं दुखतंय. आज तुझी आठवण नाही आली, गंमत. ओळ वाकडी बसली तर बसू द्या. अक्षर चुकलं तर त्यावर गडद चौकोन मारून शेजारी बरोबर अक्षर, हे पण छान दिसतं, मी तर कधीकधी मुद्दाम चुकते.

तारखेच्या ठशाची चाकं बोटाने फिरवू नका, कितीही जपलं तरी शाई नखात जाते आणि पुढच्या कोऱ्या कार्डावर अंगठा उमटतो. पेन्सिलीच्या टोकाने फिरवा. आणि महिना संपला की महिन्याचं चाक फिरवायला विसरू नका, माझ्या एका मैत्रिणीला जूनमध्ये लागोपाठ नऊ कार्डं ३१ मे च्या पुढच्या तारखांची, म्हणजे परत १ मे, २ मे अशी गेली, आणि तिने एकदाही विचारलं नाही.